दहावा बोल्ट

नेस्तोर चिलुइसाची हिरवी गाडी अब्दोन तिपानच्या वर्कशॉपात पहिल्यांदा आली तेव्हा जुलै संपत आला होता आणि डोंगरावरून बोचरं वारं सुटलं होतं. नेस्तोर त्या गाडीतून वरच्या वाड्यांवरचं दूध आणि बाजाराला निघालेल्या बायका खाली सान होआकीन गावात आणायचा. गाडी अंगणात शिरली तीच मागे पांढऱ्या धुराचा लोट घेऊन.

"थंडीची वाफ असेल ना हो मिस्त्री?" नेस्तोरनं विचारलं. त्याला 'हो' ऐकायचं होतं.

"चालू ठेव. थंडीची असेल तर इंजिन तापल्यावर आपोआप जाईल."

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. इंजिन चांगलं तापलं, पण धूर हटेना. अब्दोननं सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, ओला झालेला हात नाकाशी नेला. गोडसर वास येत होता, रेडिएटरमधल्या हिरव्या पाण्याचा.

"पाणी किती दिवसांनी घालतोस?"

"दिवसांनी कसलं, रोज सकाळी घालतो. गळत मात्र कुठेच नाही. जातं कुठे तेच कळत नाही."

"इंजिन पितंय," अब्दोन म्हणाला. त्यानं चारही प्लग काढून फळीवर ओळीनं ठेवले. तीन प्लगांवर तपकिरी राप होता. चौथा धुऊन पुसल्यासारखा लखलखीत निघाला. गाडी पुन्हा चालू करून रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत बुडबुडे येत होते. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये दाबून बसवलेलं पातळ गॅस्केट चौथ्या सिलिंडरपाशी जळलं होतं. तिथून पाणी सिलिंडरमध्ये शिरत होतं आणि वाफ होऊन मागून बाहेर पडत होतं. तासाभरात निदान झालं. अब्दोनचं नाव होतं ते यासाठीच. मोठ्या गावात, लाताकुंगाला, गाडी नेली तर आधी अर्धं इंजिन उस्कटतात आणि मग विचार करतात, अब्दोन आधी विचार करतो, असं ड्रायव्हर म्हणायचे. ते ऐकून अब्दोनची मान जरा जास्तच ताठ व्हायची, हेही खरं.

गॅस्केट त्यानं चौकातल्या इसाउराबाईंच्या दुकानातून आणलं. इसाउराबाई साठीच्या, नवरा गेल्यापासून एकट्या दुकान चालवणाऱ्या. अब्दोनकडे स्वतःची जागा नव्हती तेव्हा त्यांच्याच दुकानामागच्या पडवीत त्यानं चार वर्षं गाड्या दुरुस्त केल्या होत्या. हेड लाताकुंगाच्या लेथवाल्याकडून सपाट करून आणलं. नेस्तोर रोज येऊन डोक्यावर बसत होता, कारण सान होआकीनचा सण तोंडावर आला होता आणि वरच्या वाडीचा बँड आपल्या गाडीतून खाली आणायचं त्यानं कबूल केलं होतं. शेवटच्या दिवशी अब्दोननं ब्लॉक पाण्यानं धुतला, कापडानं पुसला. त्याच वेळी वीज गेली. थोडा वेळ त्यानं वाट बघितली, मग आत जाऊन मक्याचे उकडलेले दाणे आणि चीज खाऊन आला. आल्यावर नेस्तोर दारात उभाच. अब्दोननं गॅस्केट ठेवलं, हेड चढवलं, दहाही बोल्ट, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळले. संध्याकाळी गाडी चालू झाली. धूर नव्हता.

सणाच्या दिवशी ऐन दुपारी चौक माणसांनी फुललेला असताना नेस्तोरची गाडी उतार उतरून खाली आली. मागे अकरा वाजंत्री बसलेले. आणि गाडीमागे पांढरा लोट असा, की ट्यूबा या मोठ्या कर्ण्याचं नुसतं पितळेचं तोंड दिसत होतं, तो वाजवणारा माणूस दिसत नव्हता. लोकांना वाटलं, मुद्दाम केलंय काहीतरी. टाळ्या पडल्या. मग चर्चच्या पायरीसमोर गाडी आचके देऊन बंद पडली आणि हसू फुटलं. वाजंत्री खोकत खोकत उतरले.

नेस्तोर उतरला तो थेट अब्दोनसमोर आला. अब्दोन बायकोबरोबर, माग्दाबरोबर, नवा शर्ट घालून उभा होता.

"मिस्त्री, हे तुमचं काम? आठ दिवस नाही टिकलं!"

"अरे, मिस्त्रीनं धूर आत भरून दिला होता, सणासाठी!" विल्बेर्तो ओरडला. हा ट्रक चालवायचा आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. ड्रायव्हरांचा सगळा घोळका खिदळला.

अब्दोनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तीस वर्षांत असं भर चौकात कुणी हसलं नव्हतं. आणि मग त्याच्या तोंडून ते निघून गेलं.

"काम माझं नाही फसलं, माल फसला! इसाउराबाईंनी गॅस्केट नकली दिलं. नकली मालाला मिस्त्री काय करणार?"

म्हणाला, आणि हसणं थांबलं. म्हणजे त्याच्यावरचं थांबलं. लोक माना वळवून चौकाच्या कोपऱ्यातल्या दुकानाकडे बघू लागले. इंजिन उघडून बघितलं नव्हतं, हे त्याच क्षणी अब्दोनच्या मनात आलं होतं. पण बोलणं परत घ्यायला जी हिंमत लागते ती त्याच्यापाशी नव्हती, आणि सुटल्यासारखं वाटलं होतं, ते गोड लागलं होतं.

नेस्तोरनं रागानं गाडी ढकलत नेऊन मेव्हण्याच्या खळ्यात उभी केली. बटाट्याची काढणी सुरू झाली होती. तो मेव्हण्याच्या गाडीवर निभावत राहिला.

आठवड्याभरात एका सकाळी इसाउराबाई स्वतः वर्कशॉपात आल्या. डोक्यावर फेल्टची टोपी, खांद्यावर शाल. बसल्या नाहीत.

"अब्दोन, तू उघडून बघितलंस का रे?"

"बघायला कशाला पाहिजे, बाई? धुरावरून कळतं."

"धुरावरून गॅस्केट गेलं एवढं कळतं. का गेलं, ते धूर सांगतो का?"

अब्दोन हातातला पाना पुसत राहिला. पाना स्वच्छच होता.

"गाडी नेस्तोरकडे आहे. तो आणेल तेव्हा बघू."

"बघशील तेव्हा मला बोलाव," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

माग्दानं आतून सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बाई आल्या आणि तुम्ही त्यांना खुर्चीसुद्धा दिली नाहीत."

गावात बोलणं आणि वणवा सारखाच. महिन्याभरात ड्रायव्हर ब्रेकचं लायनिंग, फिल्टर, साधा फॅन बेल्टसुद्धा लाताकुंगाहून आणू लागले. "बाईंकडे नको, नकली असतं," असं एकमेकांना सांगू लागले. अब्दोनच्या देखतही सांगायचे. तो इंजिनात डोकं घालून ऐकायचा.

सप्टेंबरच्या अखेरीला नेस्तोरनं गाडी ओढत आणली. "पुरे झाला माझा राग," तो म्हणाला. "राग धरून दूध खाली येत नाही. उघडा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्दोननं हेडचे बोल्ट सोडवायला घेतले. घट्ट बसलेला बोल्ट सुटताना कडक्कन आवाज करतो. नऊ बोल्टांनी तो केला. दहावा, मागच्या कोपऱ्यातला, चौथ्या सिलिंडरशेजारचा, आवाज न करता सहज फिरला.

अब्दोन थांबला. त्यानं बोल्ट वर काढला. खालचे आटे गंजून लाल झाले होते. तारेला पांढऱ्या कापडाची चिंधी गुंडाळून त्यानं ती त्या भोकात बुडापर्यंत घातली. बाहेर आली तेव्हा चिंधी ओली होती, विटकरी रंगाच्या पाण्यानं.

ही भोकं खालून बंद असतात. त्यात पाणी राहिलं तर बोल्ट पाण्यावर टेकतो. पाना सांगतो आवळलं, हाताला वाटतं आवळलं, पण हेड काही दाबलं गेलेलं नसतं. म्हणून ब्लॉक धुतल्यावर प्रत्येक भोकात कॉम्प्रेसरची हवा मारायची असते. त्या दिवशी वीज गेली होती. हवा नव्हती. नंतर मारू म्हणून तो जेवायला गेला होता, आणि जेवून आल्यावर नेस्तोर दारात होता. नऊ भोकांतलं पाणी कापडानं टिपलं गेलं होतं. दहावं राहिलं होतं.

त्यानं हेड उचललं. गॅस्केट सगळीकडे एकसारखं दाबलेलं होतं, चांगल्या मालाचं असतं तसं. फक्त त्या कोपऱ्यात ते दाबलंच गेलं नव्हतं, आणि तिथूनच पाण्याच्या वाटेपासून सिलिंडरपर्यंत जळका काळा पट्टा गेला होता. शाळेतल्या पोरालाही कळावं इतकं ते स्पष्ट होतं.

आजूबाजूला कुणी नव्हतं. अंगणात माग्दाच्या कोंबड्या फिरत होत्या. अब्दोननं गॅस्केट उचललं आणि भंगाराच्या ढिगाकडे चालू लागला. मग परत फिरला. ते गोणपाटाखाली सरकवलं. मग दहाव्या भोकात तीन वेळा हवा मारली, जणू आता मारल्यानं काही होणार होतं.

तेवढ्यात फाटकातून नेस्तोरची हाक आली. "काय मिस्त्री, उघडलंत? निघालं ना नकली?"

अब्दोननं वर बघितलं नाही.

"हं," तो म्हणाला.

बस, एवढंच. चौकात निदान राग होता, गर्दी होती, न बघता बोललेलं होतं. इथे तो बघून, समजून, शांतपणे म्हणाला होता. नेस्तोर मागे वळला आणि तरातरा निघून गेला. कुठे गेला असेल हे अब्दोनला कळलं होतं. हाक मारून थांबवता आलं असतं. फाटक वीस पावलांवर होतं. तो जागचा हलला नाही.

तासाभरानं नेस्तोर परत आला तो विजयी मुद्रेनं, हातात नवंकोरं गॅस्केट, पुठ्ठ्यात बांधलेलं.

"दिलं बाईंनी! फुकट! दुकानाच्या दारात उभा राहून असं झापलं, मिस्त्री, की त्यांच्या तोंडातून शब्द नाही निघाला. मुकाट्यानं आत गेल्या आणि काढून दिलं. खऱ्या असत्या तर भांडल्या नसत्या का?"

त्यानं ते पॅकेट अब्दोनच्या हातात ठेवलं. हलकं असतं हेडचं गॅस्केट. अब्दोनला ते दोन्ही हातांनी धरावं लागलं.

जेवताना तो नुसता चमचा फिरवत बसला. सूप थंड झालं. माग्दानं विचारलं, "गाडीचं काय निघालं?"

अब्दोन उठून गेला, गोणपाटाखालचं जुनं गॅस्केट घेऊन आला आणि ताटाशेजारी ठेवलं. बोट त्या कोपऱ्यावर ठेवून त्यानं सगळं सांगितलं. 'हं' म्हणाल्याचं शेवटी सांगितलं. ते सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की माग्दाला पुढे वाकावं लागलं.

"त्या पडवीत," ती म्हणाली, "बाई रोज दहा वाजता तुम्हाला कॉफी आणून द्यायच्या. मला अजून आठवतं. लग्नाला दोन महिने झाले होते आणि मला वाटायचं, ही कोण बाई माझ्या नवऱ्याला कॉफी देते."

तिनं आणखी काही म्हणायची गरज नव्हती.

दुपारी तो दोन्ही गॅस्केटं घेऊन दुकानात गेला. वाट पाच मिनिटांची, त्याला अर्धा तास लागला. आत शिरला आणि क्षणभर त्याला वाटलं, चुकीच्या दारात आलो. अर्ध्या फळ्यांवर वह्या, प्लास्टिकच्या बादल्या, पोरांच्या चपला होत्या. बेल्ट आणि फिल्टर कोपऱ्यात एका फळीवर सरकवलेले. इसाउराबाई वह्यांवरची धूळ झटकत होत्या.

"काय पाहिजे?"

"बाई, गॅस्केट चांगलं होतं." तो एका दमात बोलला. "भोकात पाणी राहिलं होतं. माझ्या हातून राहिलं. आज सकाळी बघितलं. आणि बघूनसुद्धा नेस्तोरला..."

बाईंनी जुनं गॅस्केट घेतलं, उजेडाकडे धरलं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. काउंटरवर परत ठेवलं.

"चांगलं होतं हे मला माहीत होतं, अब्दोन. मीच विकलं होतं."

"मग नेस्तोरला दुसरं का दिलंत? भांडायचं होतंत."

"आत दोन गिऱ्हाइकं उभी होती. महिन्याभरात एकदम दोन पहिल्यांदाच आली होती. तो दारात नकली नकली म्हणून ओरडत होता. तीही जाऊ नयेत म्हणून दिलं." त्या थांबल्या. "तरी गेलीच."

अब्दोननं खिशात हात घातला. "या नव्याचे पैसे मी..."

"ठेव ते खिशात." बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझ्या कानात येऊन चांगलं होतं म्हणतोस? मला ठाऊक असलेलंच मला सांगतोस? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. बोललास चौकात आणि माफी मागतोस दुकानात, दार ओढून घेऊन?"

अब्दोननं मागे बघितलं. आत येताना दार त्यानं खरंच ओढून घेतलं होतं. त्याला आठवतही नव्हतं.

गुरुवारी बाजार भरायचा. दुपारी सगळे ड्रायव्हर तळलेल्या डुकराच्या मटणाच्या टपरीवर जेवायला बसायचे. अब्दोन तिथे गेला तेव्हा बाकावर बारा-तेराजण होते. विल्बेर्तो होता, नेस्तोरही होता. अब्दोननं काखेत जुनं गॅस्केट धरलं होतं. काय बोलायचं ते त्यानं तीन दिवस घोकलं होतं आणि आता त्यातला एक शब्द आठवत नव्हता.

"जरा ऐका," तो म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. कढईत तेल तडतडत होतं, शेजारी कुणीतरी डुकराची पिल्लं विकत होतं आणि ती केकाटत होती.

"ऐका जरा!" आवाज चिरकला. आता सगळ्यांनी बघितलं. "इसाउराबाईंचं गॅस्केट नकली नव्हतं. चांगलं होतं. मी बोल्टाच्या भोकातलं पाणी काढायला विसरलो. चूक माझी."

"मिस्त्री, आज सकाळपासून किती ग्लास?" विल्बेर्तो म्हणाला. दोघे-तिघे हसले.

"प्यालेलो नाही. हे बघा." त्यानं गॅस्केट टेबलावर ताटांमध्ये ठेवलं. त्यानं बोट कडेवरून फिरवलं. "हे दाबलेलं आहे, हेही, हेही. हा कोपरा बघा. इथे बोल्ट पाण्यावर बसला होता. सणाच्या दिवशी तुम्ही हसलात, मला सहन झालं नाही, म्हणून बाईंवर ढकललं. इंजिन उघडलंही नव्हतं."

हसणं थांबलं. ड्रायव्हर माणसं, इंजिनाचं थोडंफार सगळ्यांनाच कळतं. गॅस्केट एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. शेवटी ते नेस्तोरपाशी आलं. त्यानं बघितलं आणि तो बाकावरून उठला.

"सोमवारी मी विचारलं तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही 'हं' म्हणालात."

"हो."

"माझ्या आईच्या वयाची बाई आहे ती!" नेस्तोरचा चेहरा लाल झाला होता. "तिच्या दारात मी काय काय बोललो, मिस्त्री! चोर म्हणालो. तुमच्या एका 'हं'वर!"

कुणीतरी दोन शिव्या घातल्या असत्या तर अब्दोनला बरं वाटलं असतं. कुणी घातल्या नाहीत. टपरीवाल्या बाईनं त्याच्याकडे न बघता गॅस्केट ठेवलेल्या जागेवरचं काळं तेल पुसलं. पोटातलं सगळं बाहेर काढून माणसांसमोर मांडल्यासारखं वाटत होतं, आणि वर ऊन लख्ख होतं, लपायला सावलीही नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय, हे त्याला पन्नाशीत कळलं.

नेस्तोर अर्धं जेवण टाकून गेला. जाताना म्हणाला, "उद्या गाडी बसवायची. मी समोर उभा राहणार."

दुसऱ्या दिवशी तो खरोखर उभा राहिला, हाताची घडी घालून. अब्दोननं कॉम्प्रेसर लावला. पहिल्या भोकात हवा मारली, तारेची चिंधी घातली, बाहेर काढली.

"दाखवा," नेस्तोर म्हणाला.

अब्दोननं कोरडी चिंधी दाखवली. तीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकानं त्याला असं तपासलं नव्हतं. दुसरं भोक. "दाखवा." तिसरं. "दाखवा." दहाही भोकं झाली. मग नवं गॅस्केट ठेवलं. त्याचे पैसे सकाळीच माग्दा दुकानात देऊन आली होती, आणि बाईंनी तिच्याकडून ते घेतले होते. हेड चढवलं. मधल्या बोल्टांपासून बाहेरच्या बोल्टांपर्यंत तीन फेऱ्यांत आवळलं. गाडी चालू केली, तासभर चालू ठेवली, नेस्तोर वरच्या वाडीपर्यंत जाऊन आला. धूर नव्हता, पाणी जिथल्या तिथे.

मजुरी अब्दोननं घेतली नाही, आणि नेस्तोरनंही आग्रह केला नाही. तो म्हणाला, "मी बाईंकडे गेलो होतो काल. चीज घेऊन. माफी मागितली."

"काय म्हणाल्या?"

"चीज चांगलं आहे म्हणाल्या." नेस्तोर गाडीत बसला. "मी अजून तुमच्यावर रागावलेलो आहे, मिस्त्री. पण गाडी तुमच्याकडेच आणीन. आता तुम्ही भोकं विसरणार नाही."

पुढच्या महिन्यांत काही ड्रायव्हर इसाउराबाईंकडे परतले, काही नाही. वह्या आणि चपला तशाच राहिल्या. पोरांमुळे त्यांचा खप बरा होता, त्या काढायचं बाईंना काही कारण नव्हतं. अब्दोन गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, माल बाईंकडून आण, तिथला माल सच्चा आहे. विल्बेर्तोला त्यानं दोनदा सांगितलं, तरी तो लाताकुंगाचंच फिल्टर घेऊन ऑइल बदलायला आला. अब्दोननं तिसऱ्यांदा सुरू केलं, "अरे, बाईंचं दुकान चौकात असताना..."

"मिस्त्री," विल्बेर्तो म्हणाला, आणि या वेळी तो हसत नव्हता, "नकली आहे म्हणून तुम्ही एकदाच म्हणाला होतात. तेवढं मला पुरलं. आता सच्चा आहे हे किती वेळा ऐकवणार?"

अब्दोननं फिल्टर त्याच्या हातून घेतलं आणि गाडीखाली सरकला.